आधी कोण आत गेलं

एकोणीसशे तेवीस सालच्या प्लेगात घरात उंदीर मरून पडला, की सोलापुरातली माणसं दाराला कुलूप घालून गावाबाहेर झोपड्यांत जात. केराबाईच्या घरातही उंदीर पडला, पण तिला जाता आलं नाही; ऐन निघायच्या वेळी तिला कळा सुरू झाल्या. सासूनं मिशनातल्या मार्थाबाई सुईणीला ओढत आणलं आणि स्वतः गल्लीच्या तोंडाशीच थांबली. तिला दोष तरी कुणी द्यावा?

उंबऱ्यावर आणखी एक उंदीर मरून पडला होता. मार्थाबाई दोन पावलं मागं सरली. असाच उंदीर उचलून फेकताना रोग लागून तिचा नवरा मागच्या प्लेगात गेला होता. आतून केराबाई किंचाळली.

मार्थाबाईनं डोळे मिटले. "प्रभू, माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. तू पुढं हो, मी मागनं येते."

मग वडीलधाऱ्याला वाट द्यावी तशी ती डोक्यावर पदर घेऊन दारातून बाजूला सरली, क्षणभर थांबली आणि उंदीर ओलांडून आत शिरली.

घामानं निथळणाऱ्या केराबाईनं ते पाहिलं होतं. "मावशी, दारात कुणाला वाट दिलीस? कोन हाय संगं?"

"हाय की," पदर खोचत मार्थाबाई म्हणाली. "तो कवाच आत आलाय. तू जोर लाव."