दोन पायली बियाणं आणि जगाचा इतिहास

माझ्या आईच्या माहेराचं जे काही या जगात शिल्लक होतं, ते मी गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी वरण आणि तूप घालून खाल्लं. दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही माझी बाजू घेण्याची चूक करणार नाही.

दोष सगळा जगाच्या इतिहासाचा आहे. मी आसनगावजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. दिवसभर पुठ्ठ्याची खोकी बघून बघून माणसाला इजिप्तची ओढ लागते. म्हणून मी शहापूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून एक पॉडकास्ट सुरू केला. इतिहासकारांना फोन करायचा, जगातली एखादी गोष्ट विचारायची आणि गप्पा रेकॉर्ड करून लोकांना ऐकवायच्या. लोक म्हणजे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातली चार बोटं घरचीच! आवाज घुमू नये म्हणून मी कपाटात, गोधड्यांच्या मधे बसून बोलत असे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या भागात राजाच्या मानेवर पातं पडलं आणि त्याच क्षणी आमच्या कुकरची शिट्टी झाली. पलीकडचे प्राध्यापक म्हणाले, "वा! ध्वनिसंयोजन उत्तम आहे." तेव्हापासून मी स्वतःला फार मोठा समजू लागलो.

अशात पुण्याच्या एक मॅडम बोलायला तयार झाल्या. भाताचा इतिहास हा त्यांचा विषय. कोणत्या देशातून कोणतं भात कुठे गेलं, कोणी नेलं, कोणत्या राजाने त्यावर कर बसवला, सगळं तोंडपाठ. फोनवर मी सहज म्हणून गेलो, "आमच्या गावी अजून जुनंच भात खातात, मॅडम!"

"खरंच?" मॅडमचा आवाजच बदलला. "मग मी गावीच येते. तिथेच बोलू."

आता खरं सांगायचं तर आमच्या गावी, मुरबाडच्या पुढे, आम्ही दुकानातला कोलम खातो. तोही गोणीवरचं चित्र बघून घेतलेला. पण फोन ठेवून झाला होता.

बायको म्हणाली, "अहो, मग सांगा ना त्यांना खरं काय ते."

"वंदना, इतिहासात अशा वेळी मागे हटलेले लोक कोणाला आठवतात?"

"पुढे जाऊन आपटलेले आठवतात," ती म्हणाली.

गावच्या घरी आई एकटी राहते. पण त्या शनिवार-रविवारी ती वैशाखऱ्याला, माझ्या बहिणीकडे पापड-कुरडया करायला गेली होती. मला वाटलं, बरंच झालं. (आई नाही म्हणून बरं वाटलं, हेही कबूल करतो.) शनिवारी आम्ही दोघं गावी पोचलो आणि मी माळ्यावर चढून जुनं भात शोधू लागलो. कोपऱ्यात पत्र्याचा डबा सापडला. उघडला तर आत तांबूस, बारीक दाण्याचं भात, वर राख, मधे मधे कडुलिंबाचा पाला. दोन पायली तरी असेल. मला गहिवरून आलं. आई आपल्या मुलासाठी जुनं भात किती जपून ठेवते!

ते तिच्या माहेरचं वाण होतं, एवढं मला ठाऊक होतं. आईचं माहेर शहापूरच्या बाजूचं. तिथली शेतं केव्हाच धरणाच्या पाण्याखाली गेली आणि ते पाणी आता मुंबईकर बादलीने गाडीवर ओततात. लग्नात आईने मूठभर बी ओच्यात बांधून आणलं होतं. बाकीचं रान शेजाऱ्याला कसायला दिलं तरी विहिरीजवळच्या एका तुकड्यात ती दरवर्षी तेच लावायची. मला वाटायचं, छंद असेल. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. जपानचे सामुराई काय खात, हे मात्र विचारलं होतं.

डब्यातलं थोडं भात पिशवीत घेऊन गिरणीवर गेलो. गिरणीवाला बंडू लहानपणापासूनचा ओळखीचा. त्याने पिशवीत हात घातला.

"दादा, येवढ्याशाला मशीन चालू करू काय? आजून आना."

मी परत जाऊन सगळाच डबा आणला. त्याने पाल्याची एक काडी उचलून नाकाशी धरली.

"दादा, ह्यात कडुलिंबाचा पाला हाय. बियान्याचं तं नाय ना?"

"अरे, आता बियाणं घरी कोण ठेवतं?" मी म्हणालो. "सगळे दुकानातून पिशवी आणतात."

"तुमी शिकलेली मानसं," बंडू म्हणाला आणि त्याने पट्टा लावला. "दोनदा काढू का येकदा?"

मॅडमना पॉलिश केलेला तांदूळ चालणार नाही असं वाटून मी रुबाबात म्हणालो, "एकदाच." आयुष्यात मी घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय, आणि तोही चुकून!

रविवारी सकाळी वंदना सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली.

"काय आणलंत हे? कितीतरी दाणे तुसासकट तसेच आहेत! निवडता निवडता डोळे गेले माझे."

"हेच तर अस्सल असतं," मी म्हणालो. ती ते तुसाचे दाणे मुठीमुठीने अंगणात फेकत होती आणि शेजारच्या सखूकाकूंच्या कोंबड्या त्यांचा फडशा पाडत होत्या. निवडून झालेला तांदूळ तिने शिजत घातला. निम्मा अजून पिशवीतच होता.

मॅडम आल्या. साधी सुती साडी, खांद्याला झोळी, झोळीत वही. मी माइक पाटाशेजारीच ठेवला, कारण जेवता जेवता गप्पा म्हणजे काय वातावरण येईल! तांबूस भाताच्या वाफेचा वास घरभर पसरला होता. मॅडमनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, जगाच्या इतिहासात धान्यावरून घडलेली तुम्हाला सर्वात भिडलेली गोष्ट कोणती?"

"लेनिनग्राड," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला. माणसं उपासमारीने रस्त्यात पडत होती. तिथे एका संस्थेत जगभरातून जमवलेलं बियाणं होतं. पोत्यांनी होतं. ते राखणारे संशोधक एकेक करून भुकेने मेले, पण त्यांनी त्यातला दाणा खाल्ला नाही. त्यातला एक तर भाताचंच बियाणं सांभाळत होता. भाताच्या पुड्यांमधे बसून तो उपाशी गेला."

माझे डोळे पाणावले. तोंडात मोठा घास होता, तो गालात सरकवून मी माइककडे झुकलो. "केवढा त्याग! आणि आपण? आपल्याला हे जमलं असतं का, मॅडम?" (हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं. घास चावल्याचा आवाजही.)

"म्हणून तर मला आज इतका आनंद झालाय," मॅडम म्हणाल्या. "हे वाण मी कुठेच पाहिलेलं नाही. याचं बियाणं कोण राखतं?"

"आई!"

"बघायला मिळेल मला? कुठे ठेवतात त्या?"

"का नाही मिळणार! माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात राख घालून, कडुलिंबाचा पाला घालून..."

मी थांबलो. वंदनाच्या हातातला भाताचा डाव हवेतच राहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तो डबा तर मी घासून अंगणात पालथा घातलाय."

तोंडातला घास गिळावा की थुंकावा, हा प्रश्न लेनिनग्राडमध्ये कोणाला पडला नसेल. मी गिळला.

मॅडमनी ताट बाजूला सारलं. "सगळं भरडलं तुम्ही? सगळं?"

"एकदाच काढलं हो!" मी रडकुंडीला येऊन म्हणालो, जणू खुनी सांगतोय की सुरी एकदाच मारली.

त्या वाक्याने वंदना ताडकन उठली. "एकदाच काढलं, म्हणजे तुसासकटचे दाणे! ते उगवतील! पिशवीत आहे ना उरलेला तांदूळ!" आणि लगेच कपाळावर हात मारला. "अगं बाई, सकाळचे सगळे मी कोंबड्यांना घातले!"

मी उष्ट्या हाताने अंगणात धावलो. कोंबड्या धावल्या. सखूकाकू बाहेर आल्या.

"का रे परकाश, माझ्या कोंबड्यांमागं का लागलास?"

"काकू, यांनी बियाणं खाल्लं!"

"मंग? कोंबड्या दानं नाय खातील तं काय पुस्तक वाचतील?"

परत आलो तर मॅडम चष्मा पुसून, मांडी घालून सुपापुढे बसल्या होत्या. आम्ही तिघं निवडू लागलो. तांदूळ एकीकडे, तुसासकटचा अख्खा दाणा वाटीत. मॅडमची बोटं झरझर चालत होती. मी मात्र दोनदा खडाच वाटीत टाकला. वंदनाने मला दिलेलं सूप काढून घेतलं आणि नुसतं वारा घालायला बसवलं. मी वारा घातला तर दाणे उडू लागले. मग तेही काम गेलं.

वाटीचा तळ जेमतेम झाकला होता, तेवढ्यात दारात पिशवी टेकल्याचा आवाज झाला. आई! संध्याकाळच्या गाडीने येणार होती, ती दुपारच्याच गाडीने आली होती.

"ही कोन गो, वंदना?"

"पुण्याच्या मॅडम आहेत, आई. इतिहासाच्या."

"आन् पावनीला निवडाया बसवलंव? काय लाज?" मग तिची नजर अंगणातल्या पालथ्या डब्यावर गेली, तिथून सुपावर, तिथून माझ्यावर.

"आई," मी म्हणालो, "मी ते बियाणं..."

पन्नाशीला आलेला माणूस, पण हात मागे बांधून उभा होतो. रोपांसाठी जमीन भाजून राब तयार होता, पंधरा दिवसांत पेरणी. आता ती पेरणार काय होती? तिने ओरडावं, निदान एक चपराक द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं. ती खाली बसली. सूप पुढे ओढलं. मी तासाभरात जेवढे दाणे वेचले नव्हते तेवढे तिने बोलता बोलता वेचले.

"ग्वाड लागला का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायला तोंड नव्हतं.

"माज्या आयचा भात. तुजा बाप गेल्यापासनं मी चाखला नाय. खाल्ला तं बियानं कमी पडंल, म्हनून." मग ती वंदनाकडे वळली. "उरलाय का गो?"

वंदनाने वाढून आणला. आई अंगणाकडे तोंड करून जेवली. आमच्यापैकी कोणीही वर पाहिलं नाही. ताट इतकं स्वच्छ केलं की घासायची गरज उरली नाही.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला बसली.

वाटीभर दाणे निघाले. पेरले. त्यातले निम्मे उगवले. एकेक रोप मी स्वतः लावलं, कारखान्यातून रजा काढून. रजेच्या अर्जात कारण "कौटुंबिक" असं लिहिलं. चिखलात वाकलेलो असताना आई बांधावरून सांगत होती, "सरळ लाव रे, ती काय तुजी खोकी नायत." दिवाळीच्या सुमाराला पाव पायली भात हाती आलं.

तेव्हा मॅडम पुन्हा आल्या. आईने त्यांना स्वतःहून मूठभर बी दिलं, पुण्यात जपून ठेवायला. मूठभर वैशाखऱ्याला बहिणीकडे पाठवलं. मॅडम वही काढून प्रत्येक वाणाची माहिती लिहितात. आईला एकेक विचारत होत्या. रंग? तांबूस. उंची? माझ्या कमरेएवढी. किती दिवसांत तयार होतं? माइक मी धरला होता. प्रश्न विचारायची परवानगी मला नव्हती.

शेवटी मॅडमनी विचारलं, "आजी, आता हा शेवटचा रकाना. या वाणाला धोका कशाचा? कोणी दुष्काळ सांगतं, कोणी कीड, कोणी रानडुक्कर. तुमच्याकडे काय लिहू?"

आईने क्षणभरही विचार केला नाही.

"परकाश," ती म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. अक्षर फार सुंदर आहे त्यांचं.