चार माणसांचं पाणी

कुणाच्या अंगाला किती कढत पाणी सोसतं, हे मायाक्काच्या करंगळीला ठाऊक होतं. सासरे आप्पा चौऱ्याऐंशीचे, त्यांना वाफ निघणारं पाणी लागे. नवरा जोतीराम, त्याला कढत चालत नसे आणि कोमट तर मुळीच नाही. या दोन्हींच्या मधली एक जागा होती, ती फक्त तिलाच सापडायची. मुलगा अजिंक्य घाईचा, त्याला अर्धी बादली गार लागे. सून पिंकीला नुसतं ऊन पाणी पुरे. बादलीत करंगळी बुडवायची, लागलं तर तांब्याभर गार ओतायचं, आणि न्हाणीच्या दाराशी हाक मारायची. चौतीस वर्षं जुळे सोलापुरातल्या त्या घराची सकाळ अशीच व्हायची.

पाणी तापायचं तांब्याच्या बंबात. बंब तिच्या लग्नात बापानं दिलेला. पहाटे उठून तो आधी भरायचा, मग खाली तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटक्या, सारायच्या. तुराट्या माढ्याच्या शेतातनं टेम्पोनं येत आणि परसात रचून ठेवाव्या लागत, त्यात विंचू निघत. एक बादली काढली की वरून एक बादली गार ओतायची, नाहीतर पुढच्याला पाणी नाही. ही ओतायची बादली घरात दुसऱ्या कुणी कधी उचलली नव्हती. त्यात सोलापूरचं पाणी, नळाला चार-पाच दिवसांनी येणार. पिंप भरायची तिनं, पिंपातनं बंबात न्यायचं तिनं. सगळ्यांची आंघोळ होऊन चहा-भाकरी उरकली की अकराच्या सुमाराला मायाक्का न्हाणीत जायची. तोवर तुराट्यांची राख झालेली असे. तोटीतनं जे येईल ते ती अंगावर घ्यायची. थंडीत दात वाजायचे. आषाढात गुडघे धरायचे.

बारा वर्षांपूर्वी तिनं गिझरचं नाव काढलं होतं. धुरानं तिला खोकला लागला होता, तो चार महिने हटेना. जोतीराम तेव्हा सूतगिरणीत होता. तो म्हणाला, बंबाच्या पाण्याला तोड नाही, ते अंगाला मानवतं. त्याच्या अंगाला मानवत होतंच. त्यानंतर तिनं विषय काढला नाही, आणि घरात असं ठरून गेलं की मायाक्काचा जीव त्या बंबात अडकलाय. आल्या-गेल्याला जोतीराम कौतुकानं सांगायचा, माहेरचा हाय, हात लावू देत न्हाय कुणाला. हे वाक्य ती कधी बोलली नव्हती. उलट दिवाळीला चिंच आणि राख घेऊन त्या बंबाला घासताना ती त्याला मनातल्या मनात काय काय म्हणायची, ते बापानं ऐकलं असतं तर त्यानं लेकीला पितळेचा हंडा देऊन वाटेला लावलं असतं.

मागच्या दिवाळीनंतर पिंकी लग्न होऊन घरात आली. दुसऱ्याच महिन्यात तिला धुरानं ठसका लागला. आठ दिवस खोकली, आणि घर खडबडून जागं झालं. पिंकीचा राग मायाक्काला आला नाही. पोरगी खोकली तर तिनं काय करावं? राग आला तो आठ दिवस आणि चार महिने या हिशेबाचा. पण तो तिनं गिळला, कारण कशानं का होईना, धूर जाणार होता.

मग चार रविवार घरात तोच विषय चालला. अजिंक्य मोबाईलवर बघून सांगायचा, जोतीराम ऐकून खोडून काढायचा. विजेचा गिझर नको, नळ नसेल तेव्हा टाकीत बोअरचं पाणी सोडावं लागतं, त्याच्या क्षारानं कॉईल वर्षात बसते. गॅसचा नको, नळकाम करणारा नईम न्हाणी बघून गेला आणि म्हणाला, खिडकी एवढीशी, दार लावलं की आत विषारी हवा साठते, इथं गॅसचा मी बसवणार नाही, दुसऱ्यालाही बसवू देऊ नका. राहिला सोलर. उन्हाला सोलापुरात तोटा नव्हताच. नईमनं काचेच्या नळ्यांचा सांगितला, क्षाराच्या पाण्याला तोच बरा. गच्चीवरची पाण्याची टाकी तेवढी उंच स्टँडवर घ्यावी लागेल, म्हणाला.

या चार रविवारांत मायाक्काला कुणी काही विचारलं नाही. ती चहा नेऊन देत होती, कप परत आणत होती आणि ऐकत होती. सोलर ठरला तेव्हा ती कुणाला न सांगता गच्चीवर गेली. तिथली मोडकी खाट, फुटक्या कुंड्या, जुने पत्रे तिनं एकटीनं ओढून कडेला लावले आणि नळ्यांना जागा झाडून ठेवली. तिथं उभी राहून तिनं ठरवलं की पहिल्या दिवशी केस धुवायचे. कढत पाण्यानं, शिकेकाई लावून, दोन बादल्या.

रविवारी सकाळी नईम सोलरच्या ऑर्डरचा कागद घेऊन आला. मायाक्का भाकऱ्या थापत होती. अजिंक्य आत आला आणि म्हणाला, "आई, इथं सही कर. घर तुझ्या नावावर आहे ना, मालकाची सही लागते."

घर तिच्या नावावर होतं हे खरं. जागा घेताना जोतीरामला भावांची धास्ती होती, उद्या वाटा मागतील म्हणून त्यानं कागद बायकोच्या नावे केला. वर्षातनं एकदा घरपट्टीची पावती आली की मायाक्काला आपलं पूर्ण नाव छापलेलं दिसायचं. एरवी ते कुठं दिसत नसे.

तिनं हात पुसले आणि कागद घेतला. सातवीपर्यंत शिकली होती, आणि न वाचता सही करायची नाही एवढं गुरुजींनी शिकवलेलं तिनं सोडलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत बसून तो पिंकीनं भरला होता, अक्षर सुबक. टाकी, शंभर लिटर. घरातील माणसं, चार.

तिला आधी वाटलं, आप्पांना धरलं नाही. ते दिवसाआड आंघोळ करतात. मग तिनं कागद उलटा केला. मागं नईमनं पेन्सिलीनं आकडेमोड केली होती, माणशी पंचवीस लिटर. बाजूला नावं होती: आप्पा, काका, दादा, वहिनी.

तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा तिला भान आलं. तिनं गॅस बंद केला आणि कागद घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

"ही चार माणसं कोण?" तिनं विचारलं.

जोतीराम हसला. आप्पांकडे, स्वतःकडे, पोराकडे आणि सुनेकडे त्यानं बोट फिरवलं.

"आणि मी?"

नईमनं कप खाली ठेवला. पिंकीनं कागदाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. लिहिताना तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. जोतीरामला मात्र यात अवघडण्यासारखं काही दिसलं नाही. तो समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "तुझं काय अगं, तू तर मागनं करतीस. उरंल त्यात भागतं की तुझं."

अजिंक्य मधे पडला. म्हणाला, आई, आकडा अंदाजे असतो गं, शंभरमध्ये पाच जणांचंही होतं.

"हुतंय तर मग पाच लिही."

"पाच लिहिलं की सव्वाशे होतात, मग दीडशेची टाकी लागते."

"म्हंजे हुत न्हाय," मायाक्का म्हणाली.

मग तिनं नईमला सांगितलं. आप्पा एक बादली आणि वर दोन तांबे. जोतीराम दोन बादल्या, शिवाय दाढीला एक मगभर. अजिंक्य क्रिकेट खेळून आला की तीन. पिंकी दोन, केस धुवायच्या दिवशी तीन. बादली किती लिटरची, ती कितीपर्यंत भरते, थंडीत कुणाचं किती वाढतं, सगळं. चार रविवार मोबाईलमध्ये जे शोधत होते, ते तिनं उभ्या उभ्या दोन मिनिटांत मांडलं. नईम पेन्सिल घेऊन लिहीत गेला. म्हणाला, काकी, तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं.

जोतीरामला ते लागलं. परक्या माणसासमोर शोभा नको, सही कर आणि आत जा, असं तो म्हणाला. पाण्यावरनं एवढा तमाशा त्याच्या आईनंही कधी केला नव्हता.

मायाक्का जोरात बोलली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला. "घर माझ्या नावावर हाय आणि घरात मी न्हाय. असल्या कागदावर कशी सही करू मी?"

तिनं कागद टीपॉयवर ठेवला आणि जाऊन करपलेली भाकरी गाईसाठी बाजूला काढली. नईम चहा संपवून गेला. दिवसभर जोतीराम फुरंगटून बसला. संध्याकाळी आप्पा तेवढे म्हणाले, पोरी, आम्ही आमच्या काळी विहिरीवरच करायचो. मायाक्कानं त्यांच्या ताटात आमटी वाढली.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला उठली. चहा केला, स्वयंपाकघरातल्या पाटावर बसली आणि चहा पीत राहिली. बंबाकडे गेली नाही.

सहा वाजता जोतीराम टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीशी आला. बंब थंड बघून त्यानं दोनदा घसा खाकरला. आतून चहा फुरकल्याचा आवाज आला. मग त्याला ईर्षा चढली. एवढ्याशा गोष्टीला बाई लागते काय, म्हणत त्यानं परसातनं तुराट्यांचा भारा ओढला आणि बंबाखाली जाळ केला. जाळ झकास लागला. दहा मिनिटांनी त्यानं तोटी फिरवली. काही आलं नाही. अजून तापलं नसेल म्हणून त्यानं आणखी तुराट्या सारल्या.

आत मायाक्काला आवाज आला. रिकामं तांबं तापताना टिक टिक वाजतं, तो आवाज. बंब रोज संपेपर्यंत वापरून रिकामाच ठेवला जायचा, शेवटची बादली तिचीच असायची. सकाळी तो भरावा लागतो हे घरात चौघांपैकी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. ती उठू शकली असती. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. कप तिच्या हातात होता. तिनं तो भरून घेतला.

थोड्या वेळानं काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला आणि जोतीराम मागं सरला. बंबाच्या तळाला तीन वर्षांपूर्वी डाग दिला होता, तो वितळून गळून पडला होता. शेजारचा सांधाही उकलला होता. धूर आत येऊन पिंकी खोकायला लागली. अजिंक्य धावत आला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाबा, पाणी कुठंय यात?"

जोतीरामनं दाराशी आलेल्या बायकोकडे बघितलं. माहेरचा बंब गेला, आता ही रडेल, अशी त्याची खात्री असावी, कारण तो एकदम नरम झाला. कल्हईवाल्याकडे नेऊ, करून देतो तो, म्हणाला.

"कोण वतनार हुतं पाणी त्यात?" मायाक्कानं विचारलं.

आंघोळी सगळ्यांनी गारच केल्या. आप्पांसाठी मात्र तिनं गॅसवर पातेलं ठेवलं. म्हाताऱ्यावर राग काढण्यात काय अर्थ होता?

बुधवारी नईम पुन्हा आला. कागद तोच होता. चारचा आकडा गिरवून पाच केलेला, जाडजूड, शाई पसरलेली. मायाक्कानं तो बघितला आणि परत दिला. म्हणाली, खाडाखोड केलेल्या कागदावर मी सही करत न्हाय, नवा आणा. नईमनं पिशवीतनं कोरा कागद काढला. पिंकी लिहायला बसली. या वेळी तिनं प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणत लिहिलं आणि पहिलं नाव सासूचं घातलं. मायाक्काच्या ते लक्षात आलं, पण ती हसली नाही.

दीडशेची टाकी लिहून झाली. तेव्हा जोतीराम म्हणाला, "तो बंब नव्या पेठेत मोडीत घालू. वरच्या पन्नास लिटरचं पैसं त्यात सहज निघत्याल."

त्याला वाटलं, आपण तोडगा काढला.

सहीसाठी टेकवलेलं पेन मायाक्कानं उचललं. "तुमचं चौघांचं शंभर लिटर घरातनं," ती म्हणाली, "आणि माझं पन्नास माझ्या बापाच्या तांब्यातनं?"

अजिंक्य खाली मान घालून म्हणाला, बाबा, राहू द्या ते. जोतीराम काहीबाही पुटपुटला. दीडशेच्या दीडशे लिटरचे पैसे घरातनं आले. बंबाचं काय करायचं ते माझं मी बघीन, असं सांगून मायाक्कानं सही केली. पूर्ण नाव, घरपट्टीच्या पावतीवर असतं तसं.

पुढच्या आठवड्यात नळ्या बसल्या. दोन दिवस ऊन खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी कढत आलं. मायाक्का शिकेकाई घेऊन सगळ्यांच्या आधी न्हाणीत गेली आणि तिनं कडी लावली. बाहेर जोतीराम टॉवेल घेऊन येरझाऱ्या घालत होता, तिला चपलांच्या आवाजावरनं कळत होतं.

तिनं बादली भरली आणि सवयीनं करंगळी बुडवली. पाणी आप्पांचं होतं. तांब्याभर गार ओतलं, जोतीरामचं झालं. आणखी ओतलं, पिंकीचं झालं. मग ती थांबली. आपल्याला किती लागतं, ते बोटाला सांगता येईना. उरलेलंच तर घेतलं होतं आजवर.

तिनं बादलीतलं सगळं पाणी पाय शेकत शेकत ओतून टाकलं, आणि नव्यानं, नुसतं कढत, भरायला लावलं. बाहेरून हाक आली, अगं किती वेळ. तिनं गार पाण्याचा नळ हळूहळू सोडला, जरा थांबली, बोट घातलं, बंद केला. जमलं नाही. ती पुन्हा पहिल्यापासून भरायला लागली. राग तिच्या डोक्यातनं उतरला नव्हता, आणि तो उतरायची तिला घाईही नव्हती.