स्टाउट कुणी केली?

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आज दुपारी आमच्या परळच्या घरी नवऱ्याचा मित्र जेवायला आला. मी घरी केलेली काळी स्टाउट बिअर पहिल्यांदाच उघडली. जवाला मोड मी आणले, त्यातले थोडे काळेकुट्ट होईपर्यंत भाजले मी, आंबवलं मी, बाटल्याही मीच भरल्या.

एक घोट घेऊन मित्राने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "काय बनवलीयस रे! एवढी सायीसारखी कशी झाली?"

नवऱ्याने ग्लास तोंडाला लावला. मीच म्हटलं, "ओट्स घातलेत."

"बघ, वहिनींना तुझी रेसिपी तोंडपाठ आहे!"

नवरा नुसता हसला.

मग मित्राला चकली आवडली. तेव्हा मात्र नवरा लगेच बोलला, "हिनेच केल्यात."

चकल्या दादरहून विकत आणलेल्या होत्या. आता सांगा, चिडू नको तर काय करू?