तिकिटांवरची तिकिटं आणि एक पंखा

रोज दुपारी चार वाजता श्रीकांत पांढरीपांडे खुर्चीवरून उठत, दाराशेजारच्या बोर्डावरचं दुसरं बटण बंद करत आणि पंखा पुरता थांबेपर्यंत मान वर करून उभे राहत. तिन्ही पाती निराळी दिसू लागली, की कपाटातून अल्बम निघे. भोपाळचा पारा बेचाळिसावर असला तरी चार ते साडेपाच त्या खोलीत वारा नसे. सुलभाताई याला पंखाबंदी म्हणत. बंदी म्हटली की थोडं चोरून चालतंच, एवढंही यांना कळत नाही, अशी त्यांची लग्नापासूनची तक्रार होती.

अल्बमात टपालाची तिकिटं होती, पण सगळ्या जगाची नव्हेत. ज्या तिकिटावर दुसऱ्या एखाद्या तिकिटाचं चित्र छापलेलं असेल, तेवढीच. देश असं का करतात, हे सुलभाताईंनी एकदाच विचारलं. टपालाला शंभर-दीडशे वर्षं झाली, की देश आपल्या जुन्या तिकिटाची आठवण नव्या तिकिटावर छापतो, असं उत्तर मिळालं.

"म्हणजे आजोबांचा फोटो हातात धरून नातवानं फोटो काढून घ्यायचा," त्या म्हणाल्या.

श्रीकांतरावांना ते पटलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

नोकरीची चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कार्यालयाच्या प्रतिलिपी शाखेत काढली. समोर मूळ कागद, शेजारी नक्कल. ओळीवर बोट ठेवून शब्दन् शब्द जुळवायचा आणि 'सत्य प्रतिलिपि'चा शिक्का मारून सही करायची. छप्पन साली नागपूरच्या कचेऱ्या इकडे आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या वडिलांनीही हेच काम केलं होतं. पांढरीपांडे हे आडनाव इथल्या जिभेला जड गेल्यामुळे बापलेक दोघेही पांडेजी झाले. आयुष्यात ही एकच नक्कल त्यांना मुळाशी जुळवता आली नाही.

छंदातही त्यांचा नियम कचेरीचाच होता. चित्राचं तिकीट मिळून भागत नसे. चित्रात दिसणारं मूळ तिकीटही हवं. पानावर डावीकडे मूळ, उजवीकडे नक्कल. ज्यांचं मूळ मिळालेलं नाही, ती तिकिटं बुटाच्या खोक्यात जात. खोक्यावर 'प्रलंबित' लिहिलेलं होतं.

सगळ्यांत लाडकी जोडी झेंड्याची. डावीकडे स्वातंत्र्याच्या वर्षीचं साडेतीन आण्यांचं तिकीट, वडिलांच्या ट्रंकेतल्या पाकिटावरून सातवीत असताना कोमट पाण्यात सोडवलेलं. उजवीकडे त्याचंच चित्र असलेलं एक परदेशी तिकीट. ते शोधायला त्यांना एकतीस वर्षं लागली. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून अवधपुरीच्या स्वतःच्या घरात येताना टेम्पोत सामान चढलं, पण हे पान त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

त्र्याहत्तराव्या वर्षी शहरातल्या तिकिटांच्या प्रदर्शनात भाग घ्यायला ते तयार झाले. पक्ष्यांची तिकिटं जमवणारे गिरीश शितोळे दहा वर्षं त्यांच्या मागे लागले होते. एका चौकटीत सोळा पानं बसतात. पंधरा तयार झाली. सोळावं झेंड्याचं.

जूनमधली ती दुपार. लाइट दोनलाच गेली होती. चार वाजता पंखा आपोआपच थांबलेला होता, तरी श्रीकांतरावांनी उठून बटण बंद केलं आणि सोळावं पान खिडकीपाशी उजेडात घेतलं. झेंड्याचं तिकीट चिमट्यानं उचलून नव्या कागदावर ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला. त्याच वेळी सुलभाताई पदरानं वारा घेत खोलीतून गेल्या आणि जाता जाता त्यांनी दुसरं बटण दाबलं. लाइट आल्याचं कळावं म्हणून. त्या घरात, त्या गल्लीत, बहुधा त्या शहरात सगळेच असं करतात.

चार वाजून दहा मिनिटांनी लाइट आली.

साडेतीन आण्यांच्या कागदाला वजन ते कितीसं. तीन दिवस घर झाडलं, कपाटं ओढली, गादीच्या शिवणी उसवल्या. मंडीदीपच्या कारखान्यातून थकून आलेला मुलगा, अभिजीत, बॅटरी घेऊन फ्रिजखाली पालथा पडला. तिकीट मिळालं नाही. चौथ्या दिवशी श्रीकांतरावांनी निर्णय दिला, की बटण आपणच बंद केलं नसणार. केल्याचं आठवतं, म्हणजे आठवण चुकीची.

सुलभाताई तेव्हा बोलणार होत्या. पण त्यांना कोणी काही विचारलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सांगणं पहिल्या दिवसापेक्षा अवघड असतं. महिना झाला तसं ते गळ्यात अडकलेल्या हाडकासारखं तिथंच राहिलं.

श्रीकांतरावांनी शितोळ्यांना नकार कळवला. अल्बम निघेना. गॅस बंद केला का, हे ते स्वयंपाकघरात दोनदा येऊन बघत आणि तिसऱ्यांदा सुलभाताईंना बघायला लावत. बँकेच्या कागदावर सही करायच्या आधी तो अभिजीतकडून वाचून घेत. शेजारच्या मुलीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स नजरेखालून घालायची होती, तर म्हणाले, दुसऱ्या कुणाला दाखव, माझा आता भरवसा नाही. अखेर अभिजीतनं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाबांचं विसरणं वाढतंय, वेळीच दाखवलेलं बरं, असं त्याचं म्हणणं पडलं. बाबांनी मान हलवली आणि प्रश्न विचारतील म्हणून सकाळपासून वार आणि तारीख घोकत बसले.

ते घोकणं ऐकून सुलभाताईंची पोळी तव्यावरच राहिली.

"अहो," त्या दारात येऊन म्हणाल्या, "बटण मी दाबलं होतं."

"कोणतं?"

"दुसरं. तुम्ही बंद केल्यावर. लाइट आल्याचं कळावं म्हणून."

"त्याला ट्यूबलाइट असते."

"भर दुपारी ट्यूब कोण लावतं?"

श्रीकांतरावांनी यावर विचार केला. मुद्दा बरोबर होता. मग त्यांनी त्या तिकिटाच्या मापाचा कागद कापला, खिडकीपाशी ठेवला आणि सुलभाताईंना बटण दाबायला सांगितलं. असं सात वेळा झालं. पाच वेळा कपटा खिडकीच्या गजांतून सरळ बाहेर गेला. जळक्या पोळीचा वास सगळीकडे पसरला होता.

"म्हणजे मी बंद केलं होतं," ते म्हणाले. आणि कात्री खाली ठेवत, "अभिजीतला सांग, डॉक्टर नकोत."

सुलभाताई त्यांच्या रागावण्याची वाट पाहत होत्या. तो राग काही आला नाही. त्या दिवशी ते एक पोळी जास्त जेवले आणि चार वाजता पंखा बंद झाला.

ऑक्टोबरात प्रदर्शन झालं. सोळाव्या पानाची उरलेली नक्कल नियमाप्रमाणे खोक्यात जायला हवी होती. श्रीकांतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम वाकवला. डावीकडची जागा कोरी ठेवली. खाली शाईनं लिहिलं: 'मूळ गहाळ. उजवीकडील नक्कल मुळाबरहुकूम असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.' आणि सही, पांढरीपांडे, पूर्ण. परीक्षकांनी कोऱ्या जागेचे गुण कापले. ते योग्यच झालं, असं त्यांनी घरी सांगितलं. लोक त्या पानापाशी जरा जास्त थांबत होते, हे शितोळ्यांनी सांगितलं.

डिसेंबरात, एका दुपारी, ते खुर्चीतच गेले. सुलभाताई चहा ठेवायला आत गेल्या होत्या; परत आल्या तेव्हा अल्बम मांडीवर उघडा होता आणि चिमटा बोटांत होता. पुढे तेरा दिवस येणारं माणूस विचारी, शेवटी काय बोलले, देवाचं नाव घेतलं का. त्यांची नणंद विनिता ग्वाल्हेरहून आली, तिनं तर दोनदा विचारलं. सुलभाताईंनी दोन्ही वेळा तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. थंडीचे दिवस होते, दिवाळीपासून तो पंखा कुणी लावलाच नव्हता. तरी त्या दुपारी सुलभाताई उठून दारापर्यंत गेल्या होत्या, बटणावर बोट ठेवून बंद आहे असं सांगून मगच चहाकडे वळल्या होत्या. कारण ते म्हणाले होते,

"नुसता थांबलेला दिसतोय गं. बटण बघून ये."