दाबून धरलेली शिंक

केशोरीच्या बाजारात मिरची घेणारा एक व्यापारी आहे. धंदा मिरचीचा, पण पांढऱ्या शर्टावर कधी लाल डाग दिसत नाही. तो पोत्यातली एक मिरची काढतो, मोडतो, नाकाशी धरतो. डोळ्यांत पाणी येते, नाकपुड्या फुगतात, पण बेटा शिंक दाबून धरतो. मग म्हणतो, "इसमें दम नहीं, काका." अशानेच तो भाव पाडतो. तीच मिरची कुटून चकचकीत पाकिटात भरतो, वर 'अस्सल तिखट' छापतो आणि आम्हालाच विकतो. आम्हीही येडे, घेतो.

माझी बायको मात्र त्याला पुरून उरायची. पोत्याजवळ बसून म्हणायची, "शिंक ना रे बाबू, कायले जीव कोंडून राहिला?" आणि तो शिंकल्याशिवाय भाव सांगायची नाही.

होळीनंतर ती गेली. तिने अंगणात वाळवलेलं शेवटचं पोतं परवा मी बाजारात नेलं. मला तिच्यासारखं बोलता येत नाही. त्याने मिरची मोडली, शिंक गिळली.

"दम नहीं, काका. और अब काकी भी नहीं रही, किसके लिए भाव करोगे?"

'देशील ते दे' म्हणत मी मान हलवली, पोतं तिथेच सोडून पाठ फिरवली. चार पावलं गेलो नाही तोच मागून शिंक आली. एक नाही, तीन.

मी परत फिरलो. तो नाक पुसत म्हणाला, "सर्दी है, काका."

"तुझ्या काकीले ऐकू गेली," मी म्हणालो आणि पोतं खांद्यावर घेतलं.