छोटा कारखाना, मोठी ऑर्डर

अमेरिकेत, श्रूजबरीला आल्यापासून मी एकाच कंपनीत आहे. आम्ही पंप बनवतो. त्यांचे सुटे भाग बाहेरून मागवण्याचं काम माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी सीलसाठी, म्हणजे पंपातून पाणी गळू नये म्हणून बसवतात त्या कड्यांसाठी, पोलंडमधले दोन कारखाने पुढे आले. एक कम्युनिस्ट राजवटीतला सरकारी, नंतर खाजगी झालेला, अजूनही अवाढव्य. दुसरा एका बाईंचा. त्या पूर्वी त्याच सरकारी कारखान्यात इंजिनिअर होत्या. तो विकला गेला, त्यांची नोकरी गेली, तेव्हा चार-पाच सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी गावाबाहेर शेड टाकली.

बाईंचे सील जास्त टिकले. ड्रॉइंग बदललं की त्यांचा नवा नमुना लगेच यायचा. मोठ्या कारखान्यात तोच बदल या खात्यातून त्या खात्यात फिरत राहायचा. माझं मत बाईंना होतं.

त्या स्वतः भेटायला आल्या. मीटिंगमध्ये माझ्या बॉसने अटी सांगितल्या: माल इथल्या गोदामात आधीच भरून ठेवायचा, पैसे तीन महिन्यांनी, आणि सील फुटून नुकसान झालं तर त्यासाठी अमेरिकेतला विमा. बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "सील मी बनवते. बाकीचं करायला मला आणखी एक कंपनी काढावी लागेल."

संध्याकाळी त्यांना घरी जेवायला नेलं. बटाट्याची भाजी त्यांनी दोनदा घेतली. माझ्या मुलीने सरळ इंग्रजीत विचारलं, "मग तुम्ही मोठ्या का होत नाही?"

बाई हसल्या. "मोठं व्हायला बँकेचं कर्ज लागतं. बँक म्हणते, आधी मोठ्या व्हा." मग म्हणाल्या, "सरकारी कारखान्यात होते तेव्हा आमचा सगळा माल सोव्हिएत युनियनला जायचा. तो चांगला आहे की वाईट, कुणी कळवायचंच नाही. तुम्ही निदान तोंडावर सांगता."

ऑर्डर मोठ्या कारखान्याला गेली. मला वाईट वाटलं, पण बॉसचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. विमा आम्हालाही हवाच होता.

पुढच्या वर्षी मोठ्या कारखान्याचे सील एकदम सुधारले. कारण विचारलं, तर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं: आता सील गावाबाहेरच्या एका शेडमधून करून घेतो.

मी बाईंना फोन लावला.

"हो, माझेच," त्या म्हणाल्या. "ज्यांनी काढून टाकलं, त्यांचाच ट्रक आता दारात उभा असतो."

"राग नाही येत?"

"येतो ना. भाव ठरवताना उपयोगी पडतो."

आता त्या थेट जर्मनीलाही माल पाठवत होत्या. ट्रक सकाळी निघून संध्याकाळी पोचतो, त्यामुळे तिथे गोदाम लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग मागे कुणीतरी हाक मारली, एक मशीन बंद पडलं होतं, आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.