वाघमारे काका आणि फाट्यावरचा कारखाना

बाकीची कामं राहू द्या, हे आत्ताच सांगून टाकायला पाहिजे. मघाशी नांदेडहून ताईचा फोन आला, वाघमारे काका गेले. ताई म्हणजे काकांची पोरगी. तेव्हापासून मी नुसता टाइप करत सुटलोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. हिंगोलीत आज कोणाला सांगावं, तर "तो शेअरवाला? त्यानंच बुडवलं," एवढंच ऐकायला मिळेल. ते ऐकायचं त्राण आता नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

काका टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेले, आमचे शेजारी. मी तेव्हा मोबाईलच्या दुकानात नवाच कामाला लागलो होतो आणि शेअरचं वेड डोक्यात शिरलेलं. डेपोसमोरच्या सायबर कॅफेत आम्ही दोघं शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचो. काका एका बोटानं टाइप करायचे, आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत. काका कोणत्या कंपनीवर चिडलेत ते अख्ख्या कॅफेला कळायचं. शेअरवाल्यांच्या त्या फोरमवर सगळे खोट्या नावानं लिहायचे, कोणी 'बुलराजा', कोणी 'शेअरगुरू'. काका मात्र खाली आपलं पूर्ण नाव टाकायचे आणि पुढं 'हिंगोली'.

"काहून काका? नाव काहून टाकता?"

"तोंडाला रुमाल बांधून बोलणाऱ्याचं मी ऐकत न्हाई. मग माझं लोकायनं काहून ऐकावं?"

फोरमवर तेव्हा एका कंपनीची लई चर्चा होती. मुंबईची कंपनी, हळदीचं तेल काढणार, आणि कारखाना कुठं? तर आमच्या वारंगा फाट्यावर! फोरमवरच्या कोणाला हा फाटा नकाशात सापडत नव्हता. काका एकटेच तिथले. मग काय, "हिंगोलीवाले अंकल, ज़रा बताइए" सुरू झालं. थोड्याच दिवसांत कंपनीतूनच फोन यायला लागले. तिथं इन्व्हेस्टर रिलेशन्स म्हणून एक साहेब होता, शेअरवाल्यांशी गोड बोलायला ठेवलेला. "वाघमारे साहब, तबीयत कैसी है? आप लिखते हैं तो लोग मानते हैं." काका खूश. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, आता मुंबई आपल्याला फोन करून राहिली म्हणायचे.

उन्हाळ्यात फाट्यावर भूमिपूजन झालं. काकांना खास बोलावणं. मांडव, नारळ, बुंदीचं जेवण. परत आल्यावर काका चप्पल न काढता कॅफेत आले आणि लिहिलं, "काम सुरू झालं. मी स्वतः जेवून आलो." आमच्याकडं ज्याच्या मांडवात जेवलो त्याच्यावर शंका घेत नाहीत, अन्न खाल्लं म्हणजे भरवसा झाला. शेअरचा भाव दुसऱ्या दिवशीपासून चढायला लागला, आणि आमच्या गल्लीतपण लोकांनी शेअर घेतले. देवस्थानच्या ऑफिसातल्या जोशीभाऊंनी तर भरपूर. काकांवर विश्वास ठेवून.

मग श्रावणात काका कोणाच्या तरी मयतीला तिकडं गेले आणि येताना फाट्यावर उतरले. तिथं सोयाबीन उभं. चांगलं कमरेएवढं. बांधावरचा शेतकरी म्हणाला, "जमीन माझीच हाय की. पूजेसाठी एका दिवसापुरती मागितली होती. मांडव टाकला, जेवू घातलं, गेले."

काकांनी मुंबईला फोन लावला तेव्हा मी तिथंच होतो. साहेब हसला. म्हणाला, आप तो घर के आदमी हैं, बस लिख दीजिए कि मशीनें आ गईं. काकांनी रिसीव्हर इतका हळू ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही.

काकू म्हणाल्या, "त्यांच्या पंगतीत जेवून आलात, अन् आता त्यांच्याच विरुद्ध लिहिता?"

"जेवलो हे बी मीच लिहिलं होतं ना. मग सोयाबीन बी मलाच लिहावं लागंल."

आणि लिहिलं. सगळं. फोरमवर शिव्यांचा पाऊस, 'बुड्ढा बिक गया'. भाव धाडकन खाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच जोशीभाऊ अंगणात.

"वाघमारे, अहो आधी आमाला सांगायचं! आमी विकून मोकळे झालो असतो, मग लिहायचं होतं काय लिहायचं ते!"

"कोणाला विकलं असतं जोशीभाऊ? घेणारा बी कोण्या गावचा जोशीच असंल ना."

"तुमचं काय जातंय बोलायला!"

काकांनी सांगितलंच नाही की त्यांचे स्वतःचे शेअर अजून तसेच पडलेत. मला माहीत होतं, मी बोलणार तर त्यांनी माझा हात दाबला.

पुढं कंपनीनं इंग्रजीत छापील खुलासा काढला. काही व्यक्ती अफवा पसरवत आहेत, काम वेगात सुरू आहे. झालं! भाव परत जरा उचलला, आणि जोशीभाऊ तो कागद घेऊन गल्लीभर फिरले. "कंपनी खोटं छापंल व्हय?"

काका दारोदार गेले. एवढंच म्हणायचे, "माझं ऐकू नका. कागदाचं बी ऐकू नका. फाट्यावर चला, तिकीट मी काढतो. डोळ्यानं बघा, मग ठेवायचं का विकायचं तुमचं तुमी ठरवा." तासा-दीड तासाचा रस्ता. दिवसभर स्क्रीनकडं बघणारी माणसं, पण कोणाला वेळ नाही. कोणाच्या घरी पाव्हणे, कोणाचं गुडघं दुखतंय. मी एकटा गेलो त्यांच्यासोबत. सोयाबीनला शेंगा धरल्या होत्या. येताना काका खिडकीला डोकं टेकून बसले. इतका थकलेला माणूस मी तोवर बघितला नव्हता.

नंतर भाव पडला तो पडलाच, घेणाराच कोणी उरला नाही. काका-काकू पोरीकडं नांदेडला राहायला गेले. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो तर काकांनी चहा निवायच्या आधीच विचारलं, "जोशीभाऊ गेले का रे कधी फाट्यावर?"

म्हणलं, "काका, त्यांचं पोरगं नांदेडलाच आहे, महिन्याला येतात. गाडी फाट्यावर थांबतेसुद्धा. पण तेवढ्यापुरते ते डोळे मिटून घेतात, म्हणतात झोप लागली."

काका हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "लागत असंल. माणूस थकतो रे."

तुम्हाला झालंय का कधी असं? अगदी रस्त्यावर होतं, नुसतं मान वळवून बघायचं होतं, आणि तुम्हाला नेमकी तिथंच झोप लागली?